सहा ठिपके आणि एक अंगठा

१९८९ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. घाटकोपर पश्चिमेच्या शाखेत मी नुकताच अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता, लाल बहादूर शास्त्री मार्गावर पाणी तुंबलं होतं आणि लोकल गाड्या कुर्ल्याला अडकल्या होत्या. एरवी पितळी टोकनं मुठीत धरून ताटकळणाऱ्यांनी भरलेली आमची शाखा त्या दिवशी निम्मी रिकामी होती. क्लार्क मंडळींचा दुसरा चहा चालला होता. तेवढ्यात दारातून एक गृहस्थ आत आले. वय चाळिशीच्या आसपास, अंगात पांढरा बुशशर्ट, पँटचे पाय घोट्याच्या वर दुमडलेले, काखेत ओली छत्री आणि हातात पांढरी काठी.

ते एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. त्या काळी मुंबईत शिकलेल्या अंध माणसांना मिळणाऱ्या थोड्या नोकऱ्यांपैकी ही एक. कचेरीतले सगळे एक्स्टेन्शन नंबर त्यांना तोंडपाठ असत.

"साहेब, चेकबुक हवं होतं," ते म्हणाले. "पगार इथंच जमा होतो. गावी पैसे पाठवायचे तर दर वेळी इथं येऊन काढावे लागतात, मग पोस्टात रांग लावावी लागते."

मी नियमांचं पुस्तक काढलं. तेव्हा बहुतेक बँकांत जी रीत होती, तीच आमच्याकडेही होती. अंध खातेदार हा निरक्षर खातेदारासारखाच समजायचा. त्यानं स्वतः शाखेत यायचं, अधिकाऱ्यासमोर अंगठा लावायचा, साक्षीला कुणीतरी हवं. चेकबुक नाही. मी हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. आवाजात थोडी सहानुभूतीही आणली असावी, कारण आपण माणुसकीनं वागतो अशी माझी त्या वयात समजूत होती.

त्यांनी ऐकून घेतलं. मग खांद्यावरच्या शबनम पिशवीतून बिजागरीची एक छोटी धातूची पट्टी काढली, तिच्यात जाड कागदाचा तुकडा अडकवला आणि मुठीत मावेल अशा टोच्यानं कागदावर टोचायला सुरुवात केली. टक् टक् टक् टक्. उजवीकडून डावीकडे. चहा पिणारी मंडळी बघू लागली. मिनिटा-दीड मिनिटात कागद काढून, उलटा करून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"वाचा, साहेब."

मी कागद प्रकाशाकडे धरला, तिरका केला. नुसते पांढऱ्यावर पांढरे उंचवटे.

"मला नाही हो येत हे वाचता."

"मग आता अंगठा कुणी लावायचा?" ते म्हणाले, आणि स्वतःच मोकळेपणानं हसले. काउंटरवरचे सगळे हसले. मीही हसलो. शिपायानं शाईचं पॅड पुढे सरकवलं. त्यांनी डावा अंगठा उठवला, तीनशे रुपये घेतले, रद्दी व्हाउचरच्या कागदाला बोट पुसलं आणि छत्री उघडत ते पावसात निघून गेले. कागद माझ्या टेबलावरच राहिला. तो मी डायरीत ठेवला. काही महिन्यांनी माझी बदली झाली आणि त्यांची माझी पुन्हा गाठ पडली नाही.

बोटाचं माप

निवृत्तीनंतर आमची पंतनगरची इमारत पुनर्विकासाला गेली. चाळीस वर्षांचा संसार खोक्यांत भरताना ती डायरी सापडली आणि डायरीत तो कागद. पिवळा पडला होता, ठिपके थोडे बसले होते, पण होते. बायको म्हणाली, "कुणाकडून तरी वाचून घ्या." मला ते पटेना. कुणीतरी वाचून दाखवायचं आणि आपण मान डोलवायची, म्हणजे पुन्हा अंगठाच. तो कागद आपल्या आपण वाचायचा असं मी ठरवलं.

एका ओळखीच्या बाईंनी भटवाडीतल्या एका मुलीचा पत्ता दिला. ती जन्मापासून अंध, एम. ए. झालेली, आणि नोकरीला आहे एका बँकेत, अधिकारी म्हणून. माझ्याच खुर्चीवर म्हणा ना! वयानं ती माझ्या मुलीएवढी, पण शिकवते म्हणून मी तिला ताई म्हणतो आणि ती मला काका. दर रविवारी सकाळी तासभर शिकवणी. पहिल्याच दिवशी माझं बोट धरून तिनं पानावर टेकवलं आणि लगेच उचललं.

"काका, दाबू नका. ती डोअरबेल नाहीये. हलकं ठेवा आणि चालवा. बोट थांबलं की ठिपके गप्प होतात."

ब्रेल लिपीबद्दल आपली सर्वसाधारण समजूत अशी असते, की नेहमीची अक्षरंच कुणीतरी उठावाची केली. तसं करून बघितलं होतं लोकांनी. पॅरिसमध्ये व्हॅलेंतँ आउई या सद्गृहस्थांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अंध मुलांसाठी शाळा काढली आणि तिथं मोठाली रोमन अक्षरं जाड कागदावर उठवून पुस्तकं केली. पुस्तकं देखणी होती. ती वाचायला मात्र मुलांना एकेका अक्षराच्या कडेनं बोट फिरवावं लागे, आणि तसली अक्षरं मुलांना स्वतः लिहिता येणं तर दूरच. ती लिपी डोळ्यांना कळणारी होती आणि बोटांवर लादलेली होती.

मग शार्ल बार्बिये नावाचे एक माजी लष्करी अधिकारी ठिपक्यांची लिपी घेऊन त्या शाळेत आले. अंधारात वाचता येईल अशी ही लिपी. ठिपक्यांच्या दोन उभ्या रांगा, एकेका रांगेत सहापर्यंत ठिपके. कल्पना नामी होती, पण बारा ठिपक्यांचं घर बोटाच्या टोकाखाली मावत नव्हतं. शाळेत तेव्हा लुई ब्रेल नावाचा मुलगा शिकत होता. ४ जानेवारी १८०९ चा त्याचा जन्म. बाप खोगिरं आणि घोड्यांचं सामान शिवणारा. तीन वर्षांचा असताना बापाच्या कारखान्यातलं टोकदार हत्यार लुईच्या डोळ्याला लागलं आणि हळूहळू दोन्ही डोळे गेले. या मुलानं पंधराव्या वर्षी, १८२४ च्या सुमारास, बारा ठिपक्यांचे सहा केले. दोन रांगा, तीन-तीन ठिपके. घराची उंची साधारण सहा मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका टेकणीत अख्खं अक्षर. एकेक ठिपका असला किंवा नसला, एवढ्या हिशेबानं सहा ठिपक्यांतून त्रेसष्ट आकृत्या होतात. १८२९ मध्ये त्यानं ती लिपी छापून प्रसिद्ध केली.

ताईनं हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, शाळेनं त्याला डोक्यावर घेतलं असेल. तसं झालं नाही. डोळस शिक्षकांना ही लिपी विचित्र वाटली. आपल्याला वाचता न येणारी लिपी मुलांनी का शिकावी? मध्यंतरी शाळेच्या एका संचालकानं तिच्यावर बंदीसुद्धा आणली. मुलं मात्र ती एकमेकांना शिकवत राहिली, कारण टिपणं काढणं, पत्र लिहिणं, लिहिलेलं स्वतः परत वाचणं त्यांना पहिल्यांदाच जमत होतं. लुई ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी वारला. फ्रान्समध्ये त्याच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये.

घाटकोपर : सात घरं, चोवीस ठिपके

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. मुंबईत १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा सुरू केली, ती पुढे दादरची अंध शाळा म्हणून नावारूपाला आली. पाठोपाठ व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. मुलं शाळेत येऊ लागली, पण प्रश्न पडला लिपीचा. रोमनची सव्वीस अक्षरं निराळी आणि आपली बाराखडी निराळी. मग जो तो आपापल्या परीनं ठिपके वाटू लागला. कलकत्त्याला लालबिहारी शाह यांची एक पद्धत, मुंबईकडे डॉ. नीलकंठराय छत्रपती यांची दुसरी, मिशनऱ्यांच्या आणखी वेगळ्या. परिणाम असा, की एका गावात छापलेलं पुस्तक दुसऱ्या गावच्या अंध माणसाच्या हातात नुसता खरखरीत कागद ठरे.

१९४० च्या दशकात सरकारनं नेमलेल्या समितीनं सगळ्या भारतीय भाषांसाठी एक लिपी तयार केली. पण तिनं लुई ब्रेलचे मूळ ठिपके बाजूला ठेवून नवी मांडणी केली होती. त्यावरून अंध मंडळींतच वाद पेटला. इंग्रजी शिकलेल्या माणसाला दोन वेगळ्या लिप्या डोक्यात ठेवाव्या लागणार, हा एका पक्षाचा आक्षेप. वाद मिटेना, तेव्हा स्वतंत्र भारताच्या सरकारनं १९४९ मध्ये युनेस्कोला लिहिलं, की हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाही, सगळ्या जगासाठीच काय ते ठरवा. या कामाची धुरा ज्यांच्याकडे आली ते सर क्लुथा मॅकेन्झी न्यूझीलंडचे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, गॅलिपोलीच्या लढाईत त्यांचे डोळे गेले होते. १९५० च्या मार्चमध्ये पॅरिसला आणि १९५१ च्या फेब्रुवारीत बैरूटला बैठका झाल्या आणि त्याच वर्षी भारती ब्रेल ठरली. आज मराठी ज्या ब्रेलमध्ये लिहिली जाते ती हीच.

तिचं सूत्र साधं आहे. उच्चार एक, तर ठिपके एक. इंग्रजी 'के'चे जे दोन ठिपके तेच मराठी क चे, तेच गुजराती, बंगाली, तमिळ क चे. 'एम'चे तेच म चे. थ ला इंग्रजीतल्या 'टीएच' या जोडीचे ठिपके दिले, श ला 'एसएच'चे. आपल्या ळ ला शेजारच्या रांगेतले तीन उभे ठिपके मिळाले आणि तमिळ ळ लाही तेच.

याचा अर्थ काय, ते घाटकोपरच्या माणसाला चटकन कळेल. आमच्याकडे एका गल्लीत मराठी पाटी, दुसऱ्या गल्लीत गुजराती. चाळीस वर्षं इथं राहून, गुजराती छान बोलता येत असून, मला गुजराती वर्तमानपत्र अडखळत वाचावं लागतं. ताईला नाही. तिनं गुजराती लिपी म्हणून वेगळं काही शिकलंच नाही. गुजराती ब्रेल मासिक हातात आलं की ती सरळ वाचते. भाषा समजली नाही तरी तमिळ शब्दसुद्धा उच्चारून दाखवते. आपण डोळस माणसं लिप्यांच्या भिंतीआड बसलेलो असताना या मंडळींनी १९५१ मध्येच ती भिंत काढून टाकली.

देवनागरीची वळणं ब्रेलमध्ये नाहीत. शिरोरेघ नाही, काना-मात्रा नाही. व्यंजनाच्या पुढे सरळ स्वर ठेवायचा. 'का' म्हणजे क आणि पुढे आ. आपण 'कि' लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतो, बोलताना मात्र इ नंतर येते. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतरच येते. मग 'सई' आणि 'सी' यांत फरक कसा करायचा? दोन्हीकडे स आणि ई च. त्याची तोड अशी, की 'सई' लिहिताना मध्ये अ घालायचा. जोडाक्षर असेल तर ज्या व्यंजनाचा पाय मोडायचा त्याच्या आधी एक ठिपका द्यायचा, पुढचं व्यंजन जोडून वाचायचं आहे एवढं बोटाला आगाऊ कळतं.

आकड्यांची युक्ती तर मला, जन्मभर आकड्यांत घालवलेल्या माणसाला, फार आवडली. आकडा येणार अशी खूण करणारं एक चिन्ह असतं, आणि त्याचे ठिपके ण च्या ठिपक्यांसारखेच असतात. घोटाळा का होत नाही? कारण मराठी शब्द ण नं सुरू होत नाही. ते चिन्ह आरंभी आलं की पुढचा अ म्हणजे १, ब म्हणजे २, च म्हणजे ३. त्रेसष्ट आकृत्यांत संसार भागवायचा तर अशी काटकसर करावीच लागते.

तिसऱ्या रविवारी ताईनं मला गावाचं नाव लिहायला लावलं. घ, आ, ट, क, ओ, प, र. सात घरं. मी ठिपके मोजले, चोवीस भरले. पाटीवर लिहिताना उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं टोचायचं असतं, कारण ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात ट चा ठ झाला. ताईनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "घाठकोपर. काका, हे कुठं आलं?"

चार मिलिमीटर

एका रविवारी मी तिला विचारलं, की नोटा कशा ओळखतेस? बँकेतल्या माणसाचा हा स्वाभाविक प्रश्न. तिनं पाकीट काढलं. पाचशेच्या नोटांची उभी घडी, दोनशेच्यांची आडवी, शंभराच्या बिनघडीच्या. घरून निघताना ती असं लावून घेते. सुटे परत मिळाले की पंचाईत.

आता नोटेवरही बोटांसाठी लिहिलेली एक लिपी असते, हे किती जणांच्या लक्षात येतं? मी बँकेत असूनही पुष्कळ वर्षं तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं. १९९६ मध्ये महात्मा गांधी मालिकेच्या नोटा सुरू झाल्या, त्यांत डाव्या बाजूला उठावाच्या छपाईची खूण होती. वीसला उभा आयत, पन्नासला चौकोन, शंभराला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ, हजाराला शंकरपाळ्याचा आकार. खेरीज आकारमानातही फरक होता. त्या मालिकेतली शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब, पाचशेची १६७, हजाराची १७७. दर पायरीला एक सेंटिमीटर. बोटांच्या मधल्या जागेत धरून सवयीचा माणूस नोट सांगत असे.

२०१६ नंतरच्या नव्या मालिकेत नोटा लहान झाल्या. शंभराची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. फरक उरला चार मिलिमीटरचा. कडेला तिरक्या उठावदार रेघा आल्या, शंभराला चार, पाचशेला पाच, आणि दोनशेला चार रेघांच्या मध्ये दोन छोटी वर्तुळं. कागदावर ही योजना ठीक दिसते. पण ज्यानं आयुष्यभर नोटा मोजल्या त्याला विचारा. नवी करकरीत नोट बोटाला बोलते. मासळीबाजारातून, रिक्षावाल्याच्या खिशातून, पावसातून महिनाभर फिरून आली की तीच नोट मुकी होते. पन्नास आणि त्याखालच्या नव्या नोटांना तर अशी खूणच नाही. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही १९५२ साली मुंबईत स्थापन झालेली संस्था, आपण तिला नॅब म्हणून ओळखतो. तिनं नव्या नोटा आणि नाणी ओळखता येत नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेनं 'मणी' नावाचं मोबाइल ॲप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं.

"चांगलंय की मग," मी म्हणालो.

"चांगलंय, काका. घरी बसून नोटा लावायला चांगलंय. पण रात्री स्टेशनबाहेर रिक्षावाल्यापुढे एका हातात मोबाइल, एका हातात पाकीट धरून फोटो काढत उभी राहू? पाचशे, दोनशे, असं मोबाइल ओरडून सांगणार, आणि आजूबाजूचे ऐकणार."

मी गप्प बसलो. आउईची देखणी अक्षरं मला आठवली. त्यांचंही असंच झालं होतं. करणाऱ्याचा हेतू चांगला, मेहनत खरी, फक्त ज्याच्या बोटाखाली वस्तू जायची त्याला आधी विचारायचं राहून गेलं. ज्यांना ते सुचलं तो पंधरा वर्षांचा मुलगा स्वतःच अंध होता, म्हणून त्याला विचारावं लागलं नाही.

माझ्या नियमांच्या पुस्तकाचंही पुढे काय झालं ते सांगितलं पाहिजे. ४ जून २००८ रोजी रिझर्व्ह बँकेनं सर्व बँकांना परिपत्रक काढून कळवलं, की अंध ग्राहकांना चेकबुक, एटीएम, लॉकर यांसह सगळ्या सोयी कोणताही भेदभाव न करता द्याव्यात. पुढल्या वर्षी बोलणाऱ्या आणि ब्रेल कळफलकाच्या एटीएमविषयीही सूचना आल्या. हे परिपत्रक मी तेव्हा सही करून फाइलला लावलं होतं. ते लावताना मला टेलिफोन ऑपरेटर आठवले होते की नाही, हे आज प्रामाणिकपणे सांगता येत नाही. बहुधा नव्हते.

ऐकणं आणि वाचणं

आता कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. मोबाइल वाचून दाखवतो, संगणक वाचून दाखवतो, पुस्तकं ऐकता येतात. ब्रेलची एवढी जाडजूड बाडं हवीत कशाला? प्रश्न रास्त आहे. ताई स्वतः कानात इअरफोन घालून बोलणाऱ्या संगणकावर काम करते. "तो आवाज नसता तर मी बँकेत नसते," असं ती स्वतःच म्हणते. ब्रेल पुस्तक जागा खातं हेही खरं. माझ्या एका कादंबरीचं पहिलं प्रकरण तिनं हौसेनं ब्रेलमध्ये छापून आणलं. छापील चौदा पानांचं एक छोटं बाड झालं.

पण त्याच बाडानं मला धडा दिला. आदल्या आठवड्यात तिनं ते प्रकरण संगणकाकडून ऐकलं होतं आणि छान आहे म्हणाली होती. बोटांनी वाचल्यावर मात्र ती म्हणाली, "काका, तुम्ही 'दीन' माणूस लिहायच्या जागी 'दिन' माणूस लिहिलंय." छापील पुस्तकात तीच चूक आहे. माझ्या नजरेतून सुटली, मुद्रितं तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटली. संगणकानं वाचताना दोन्ही शब्द एकसारखेच वाजले. ब्रेलमध्ये इ आणि ई यांचे दोन-दोनच ठिपके, पण जागा निराळ्या. बोटानं ते पकडलं.

"मी ब्रेल शिकले नसते ना," ती म्हणाली, "तर दोन वेगळे शब्द आहेत हेच मला कळलं नसतं. माझ्या ओळखीत मुलं आहेत, साध्या शाळेत जातात, हुशार आहेत, सगळं ऐकून शिकतात. ब्रेल शिकवणारं कुणी त्यांना भेटलंच नाही. बोलायला लागली की ऐकत राहावं. आणि स्वतःचं नाव कसं लिहितात विचारलं की अडतात."

हे ऐकून मी थबकलो. १९८९ मध्ये आम्ही लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला निरक्षर ठरवलं. आज इतक्या सोयी झाल्यावर एखादा हुशार मुलगा खरोखरच निरक्षर राहून जातो, आणि मोबाइल हातात असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. डोळस मुलाला आपण असं म्हणू का, की टीव्हीवर बातम्या ऐकू येतात, मग तुला बाराखडी कशाला?

म्हणूनच स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईतून 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, त्याचं मोल मला आता उमगतं. बातम्या तर रेडिओवरही मिळत होत्या. पण आपलं वर्तमानपत्र पोस्टानं घरी यावं, आपल्या सवडीनं उघडावं, आवडलेला मजकूर पुन्हा मागे जाऊन वाचावा, यात जे सुख आहे ते रविवारची पुरवणी हातात घेऊन बसलेल्या वाचकांना मी वेगळं काय सांगणार?

तो कागद

तीन महिन्यांनी मी डायरीतला कागद बाहेर काढला. कबूल करतो, माझं बोट अजून अक्षरं धड ओळखत नाही. साठी उलटल्यावर कातडी निबर होते, आणि डोळे उघडे असले की बोट आळस करतं. ताई मला अधूनमधून दटावते, "चोरून बघताय ना?" तो कागदही मी खिडकीपाशी, तिरप्या उन्हात धरून, डोळ्यांनीच वाचला. एकेक घर, तक्ता शेजारी ठेवून. दोनच ओळी होत्या.

'मला सही करता येते. चेकबुक द्यावे.'

एवढंच. मला इतकी वर्षं वाटत होतं, की त्यांनी काहीतरी टोमणा लिहिला असेल, नाहीतर एखादा सुविचार. तो अर्ज होता. बँकेच्या अधिकाऱ्याला, त्याच्या टेबलावर, रीतसर हातात दिलेला अर्ज. मी तो तीस वर्षांहून अधिक काळ दप्तरी ठेवला होता. आमच्या धंद्यात प्रलंबित अर्जांचा तक्ता दर महिन्याला वर पाठवावा लागे. हा त्यात कधी चढला नाही.

ते गृहस्थ आता कुठं असतील, असतील की नाही, मला ठाऊक नाही. पण अर्जाला उत्तर द्यायचं असतं, ही नोकरीतली सवय जात नाही. त्या रविवारी मी पाटीत जाड कागद अडकवला आणि उजवीकडून डावीकडे टोचत दोन शब्द लिहिले. ताईच्या हातात दिले. तिनं बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि हसली.

"काका, 'अरज मंजूर' झालंय. र च्या आधीचा ठिपका विसरलात."

"चालेल का तसंच?"

"तुमच्या बँकेत चालायचं का खाडाखोड केलेलं?"

मी कागद काढला आणि नवा लावला.